जू ठेवण्याआधीची दुआ

सिहोरा,
जुलै १९७७

प्रिय इलियास,

तुझं उर्दूतलं पत्र मिळालं. आधी तू मराठीत लिहायचास, ते मी चुलीपुढे बसून एका हाताने पोळी उलटत वाचून काढायची. हे वाचायला माझी अख्खी दुपार गेली, आणि वाचून झाल्यावर वाटलं, ती दुपार झोपून काढली असती तर बरं झालं असतं. तुझी तब्येत ठीक आहे आणि मदरशात अभ्यास चालू आहे, एवढं त्यातून घेतलं. बाकीच्याला उत्तर देते आहे, आणि मराठीतच देते आहे. घरात आपण हिंदी बोलत असलो तरी मला लिहायला चौथीपर्यंतच्या शाळेने दिलेली हीच भाषा येते. तुझ्या उस्तादांना वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखव.

तू लिहितोस की आपल्या मशिदीच्या हाफिजसाहेबांचं बरोबर आहे. अल्लाहचा कलाम ही बैल हाकायची आरोळी नाही. नांगरावर ठेवलेल्या डोमाला तो शिकवून मी बेअदबी केली. आता तौबा करावी, इद्दतीत गप्प बसावं, रज्जाकचाचा म्हणतात तसे बैल विकावेत आणि धानाच्या बांध्या बटईने, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाकाव्यात. चार ओळींत तू सगळं निकालात काढलंस. धानाचे परे हातभर उंच झालेत, उपटून बांधीत रोवायचे दिवस आहेत, आणखी आठवडा गेला तर कांडं धरतील आणि मग रोवून उपयोग नाही, याबद्दल एक शब्द नाही. कामठीला जाऊन तुला इतकं विसरायला झालं असेल असं वाटलं नव्हतं.

तुला अर्धंच कळलंय, तेही चाचा आणि हाफिजसाहेबांच्या तोंडून. म्हणून पहिल्यापासून सांगते. तू अब्बांचं चाळिसावं आटोपून गेलास आणि पाठोपाठ पावसाने जोर धरला. परे तू इथे होतास तेव्हाच डोमाने टाकले होते. मी इद्दतीत. नवरा गेलेल्या बाईने घराबाहेर पडायचं नाही, त्यामुळे मागच्या दाराच्या आत बसून जेवढं दिसेल तेवढंच माझं शेत. नशिबाने तिन्ही बांध्या परसाला लागून आहेत. चिखल करायच्या पहिल्या दिवशी डोमाने कबऱ्या-चांद्याला जू घातलं, कासरा झटकला, आरोळी दिली. बैल हलले नाहीत. त्याने पराणी टोचली. चांद्या थोडा पुढे सरकला, कबऱ्या तिथेच चिखलात बसला. मग काठी चालली. मला दारात बसून प्रत्येक फटका ऐकू येत होता. डोमा वाईट माणूस नाही, पण बैल चिखलात बसलेला आणि आभाळ भरलेलं असलं की कुणाचाही हात सुटतो. शेवटी दारापाशी येऊन म्हणाला, "भाभी, बैलं बिघडली तुमची. मालक गेले त यायनं बी काम सोडलं."

बैल बिघडले नव्हते. ते वाट बघत होते. तुझे अब्बा जू ठेवण्याआधी डावा हात कबऱ्याच्या वशिंडावर ठेवायचे आणि स्वारीवर बसताना म्हणायची ती दुआ म्हणायचे. ज्याने हे आमच्या ताब्यात दिलं तो पाक आहे, आमच्यात ती ताकद नव्हती, आणि आम्हाला त्याच्याकडेच परत जायचं आहे. लोक ती बसमध्ये चढताना ओठातल्या ओठात पुटपुटतात. अब्बा मोठ्याने म्हणायचे, विहिरीतून दोर ओढावा तशी लांबवत, आणि शेवटचा शब्द खाली आला की बैल पाऊल उचलायचे. दोन्ही गोऱ्हे असताना आणलेले. मानेवर पहिल्यांदा जू आलं त्या दिवसापासून निघायची खूण म्हणून त्यांनी तेवढंच ऐकलंय. दुसरी आरोळी त्यांना कुणी शिकवलीच नाही. गाववाले हसायचे. अब्बा म्हणायचे, "अरे, बिना पूछे किसी के कंधे पर लकडी रखते क्या?"

हाफिजसाहेब सांगतात की त्या आयतीचा अर्थ माणूस मालक आणि जनावर चाकर. असेलही. अब्बांचा आवाज मात्र 'आमच्यात ती ताकद नव्हती' तिथे थांबायचा. अर्थ मी त्यांना नंतर वाचून दाखवला, थांबायचे ते त्याआधीपासून. का थांबायचे ते विचारायचं राहून गेलं.

म्हणून मी डोमाला म्हटलं, ती दुआ म्हण. तो म्हणाला, "मले कायले अरबी शिकवता भाभी? मी त मराठी बी अर्धीच बोलतो." पण दुसरा उपाय नव्हता. मी दाराच्या आतून म्हणत होते, तो बाहेर बोऱ्यावर बसून माझ्यामागे म्हणत होता. बसण्याआधी तंबाखू थुंकून, तोंड धुऊन आला. ते मी सांगितलेलं नव्हतं. शब्द त्याच्या तोंडात खडे चावल्यासारखे होत होते, पण चाल त्याला आधीपासून येत होती, शेजारच्या बांधीतून इतकी वर्षं ऐकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वशिंडावर हात ठेवला आणि म्हटली. किती शब्द जागेवर होते ते अल्लाहला ठाऊक. शेवट खाली आला आणि बैल निघाले. मी चौकट धरून उभी होते. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता घरात कुणीतरी येऊन पाणी मागेल.

दोन बांध्यांचा चिखल झाला, रोवणाही झाला. मग बसस्टँडवरच्या पानठेल्यावर कुणीतरी डोमाला विचारलं, "काहून बे डोमा, मुसलमान झाला का?" डोमा म्हणाला, "मी नाही बा. बैलं आहेत मुसलमान, मी त नुसता त्यायचा नोकर." बिचारा हसण्यावारी न्यायला गेला. ते वाक्य संध्याकाळपर्यंत मशिदीत पोचलं आणि त्याच्या मोहल्ल्यातही पोचलं. इकडे हाफिजसाहेब म्हणाले की कलामाची टिंगल झाली. तिकडे त्याच्या भावकीने विचारलं, नांगर धरायला गेला होतास की कलमा पढायला. दुसऱ्या दिवशी तो दारात आला आणि खाली बघून बोलला. "भाभी, मले बैलाचा राग नाही, तुमचा त नाहीच. पण माह्या घरी झगडा होऊन राहिला." मी चुलीवर आधण ठेवलं. चहा दिला. तो पिऊन गेला, तेव्हापासून आला नाही. तिसरी, सगळ्यात मोठी बांधी तशीच पाण्याखाली पडून आहे. आपल्या वर्षभराच्या तांदळातला निम्म्याहून जास्त तिच्यातून येतो, हे तुला सांगायला नको.

हाफिजसाहेबांना मी दुष्ट म्हणत नाही. अब्बांना ऊन लागून ताप चढला होता तेव्हा रोज पाणी दम करून, त्यावर दुआ फुंकून, स्वतः आणून द्यायचे. वयाने तुझ्याहून फार मोठे नाहीत. पानठेल्यावर कलामाचं हसू होताना त्यांना वाईट वाटलं असेल, ते मी समजू शकते. पण त्या शुक्रवारचं, जुम्म्याचं मशिदीतलं त्यांचं बयान मी भिंतीपलीकडून ऐकलं. आधी पुस्तकं लादलेलं गाढव आलं. मग जीभ काढून धापा टाकणारा कुत्रा आला. मग गुरांसारखे, गुरांहूनही जास्त भरकटलेले लोक आले. नाव कुणाचं घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि कोठ्यातून कबऱ्याच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. मला इतका राग आला की हातातली तसबीहची माळ खाली ठेवली. दर जुम्म्याला जनावर बाहेर काढायचं ते कुणाला तरी हाणायलाच का? एवढी मोठी अल्लाहची दुनिया, आणि आपल्याकडे आली की तिची काठी होते.

नमाज झाल्यावर मी कुरआनची ती हिंदी अर्थाची प्रत काढली. अब्बांनी नागपूरहून आणलेली, तुला माहीत आहे. संध्याकाळी मगरिबनंतर मी अर्थ वाचायची आणि ते दोर वळत ऐकायचे. त्यांचं मागणं एकच असायचं, "इसमें जानवर कहाँ आया, वो पढ." फौज येते आहे, तुडवली जाल, बिळात जा, असं मुंगी आपल्या मुंग्यांना सांगते आणि पैगंबर ते ऐकून हसतात, ते त्यांनी मला किती वेळा वाचायला लावलं. मधमाशीला डोंगरात आणि झाडात घर कर असा हुकूम थेट वरून येतो. कावळा माती उकरून दाखवतो तेव्हा भावाला मारणाऱ्याला कळतं की मेलेल्याला पुरायचं कसं. जमिनीवर चालणारं आणि दोन पंखांनी उडणारं कुणीही असो, ती तुमच्यासारखीच उम्मत, तुमच्यासारखीच जमात आहे. गुरं सांजेला घरी येतात आणि सकाळी चरायला निघतात त्यात तुमच्यासाठी शोभा आहे, हे वाचलं तेव्हा अब्बा दोर टाकून उठले आणि कोठ्यात जाऊन आले. "मैं बोलता था ना," एवढंच म्हणाले.

हे सगळं त्याच कलामात आहे, आणि गाढव, कुत्रा, गुरं तीही त्याच कलामात आहेत. मी काही खोडायला निघालेली नाही. माझी काय लायकी. पण एका पानावर ती आपल्यासारखी उम्मत आणि दुसऱ्या पानावर न समजणाऱ्यांसाठी दाखला, मिसाल, ही दोन्ही पानं एकाच मनात कशी ठेवायची ते मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अब्बांनाही सांगता आलं नसतं, पण ते माझ्याबरोबर विचार करत बसले असते. आता घरात त्याच्यासाठी कुणी नाही. म्हणून तुला तेवढंच लिहून विचारलं होतं. तू शिकतो आहेस, तुझ्याभोवती जाणती माणसं आहेत, तिथून काहीतरी येईल असं वाटलं. तू आणखी एक मिसाल पाठवलीस.

तू लिहिलंस, न मानणाऱ्यांची गत अशी की जनावराला कुणी ओरडून बोलवावं आणि त्याला हाक आणि पुकारा याशिवाय काही ऐकू येऊ नये. म्हणून बैलापुढे कलाम म्हणणं फुकट, आणि डोमापुढेही. इलियास, मी ती आयत शोधून वाचली. आहे तसंच आहे. बैलांना हाक आणि पुकारा एवढंच ऐकू येत होतं, मी नाही म्हणत नाही. पण मी परकर नेसायची तेव्हापासून नमाज पढते, आणि अर्थाची प्रत घरात आली तेव्हा तू पाचवीत होतास. त्याआधी मला काय ऐकू येत होतं? हाक आणि पुकारा. माझ्या आईला मरेपर्यंत तेवढंच. अब्बांनाही, मी वाचून दाखवायला लागेपर्यंत, तेवढंच. त्या आवाजावर आम्ही उठलो, बसलो, रोजे धरले, आपली माणसं मातीत ठेवली, तुला तिथे शिकायला पाठवलं. मग आम्ही त्या मिसालीत कुठे बसतो ते तू लिहिलं नाहीस. डोमाला मात्र बसवून मोकळा झालास. तुझ्या बापाच्या जनाज्याला त्याने कबरस्तानाच्या फाटकापर्यंत खांदा दिला होता. तू पुढे होतास, तुला दिसला नसेल.

आणखी एक. तुझ्या कपाटात मसल्यांचं, दीनच्या नियमांचं पुस्तक राहिलंय. हळूहळू अक्षरं जुळवत मी तेही वाचलं. त्यात लिहिलंय की पोटापाण्यासाठी गरज पडली तर विधवेने इद्दतीत दिवसा बाहेर जाऊन यावं, रात्र मात्र आपल्या घरात काढावी. हे तुला माहीत नाही असं मी धरत नाही. मग मी काय करू नये ते सगळं तुझ्या पत्रात आलं, आणि हे एक का नाही आलं? चाचांना आवडलं नसतं म्हणून?

परवा मी बाहेर पडले. हे तुला चाचांच्या पत्रातून कळेलच, त्याआधी माझ्याकडून कळू दे. सकाळी चादर गुंडाळून, मागच्या दाराने, बांधीत. रोवणा करणाऱ्या बायांना घेऊन केशरबाई बांधाच्या धुऱ्यावर उभी होती, पऱ्यांच्या जुड्या बाजूला टाकलेल्या. मला बघून ती म्हणाली, "भाभी, तुमी कायले उतरल्या चिखलात? लोक बोलतीन ना." मी म्हटलं, लोक रोवायला येणार असतील तर मी आत जाते. ती बाजूला झाली. मी जू घातलं, वशिंडावर हात ठेवला, दुआ म्हटली. आईने शिकवलेली, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता. बैल हलले नाहीत. परत म्हटली, त्यांच्यासारखी लांबवून, शेवट जमेल तेवढा खाली आणून. कबऱ्याने कान फिरवला. मग सगळी मान फिरवली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला. बायांतली एक हसली, तिला केशरबाईने दटावलं आणि मला म्हणाली, "यायले बाईचा आवाज नाही समजत भाभी. हे त मालकाचीच वाट पाहून राहिले." मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. पाय पोटरीपर्यंत चिखलात, काठी हातात होती, उचलली नाही इतकंच. शेवटी जू काढलं आणि त्यांना कोठ्यात बांधून आले. संध्याकाळी चाचा आले. मी बाहेर पडले त्याबद्दल ते फार बोलले नाहीत, त्यांना आता बोलायची गरजच उरली नाही. बपेऱ्याच्या गुरांच्या व्यापाऱ्याला त्यांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी बोलावलंय. मोठी बांधी त्याआधी रोवली गेली नाही, तर बैल ठेवण्यासाठी मी त्यांना काय कारण देऊ?

गेल्या ईदच्या सुट्टीत तू मशिदीत अजान दिली होतीस. मी चुलीपाशी होते, अब्बा समोर ओट्यावर बसलेले मला दिसत होते, तरी मी चमकून मशिदीकडे पाहिलं. तुझा आवाज त्यांच्यासारखा फुटलाय हे मला त्या दिवशी कळलं. अब्बांनाही कळलं असावं, ते मान खाली घालून हसत होते. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मला फतवा नको, मिसाल नको. उस्तादांकडून थोडी रजा माग, मिळेल ती बस धर आणि ये. तुझी जीभ शुद्ध आहे, तू म्हटलीस तर हाफिजसाहेबांना बोट ठेवायला जागा नाही. सकाळी बांधीत उतर, कबऱ्याच्या वशिंडावर हात ठेव, आणि घाई करू नकोस, लांबव. ते निघतील. त्यानंतरही बैल विकावेत असं तुला वाटलं तर माझ्यासमोर उभा राहून सांग, मी ऐकून घेईन. मी काही पुन्हा बाहेर येणार नाही, मागच्या दाराच्या आतच बसेन. दार तेवढं उघडं ठेवीन. चाचांनी विचारलं तर सांग, अम्मीने बैलांसाठी बोलावलंय.

तुझीच,
अम्मी